साफ केलेली फ्लॉपी ड्राइव्ह चार दिवसांत पुन्हा वाचेनाशी का होते? : समस्या निवारण

जुना पीसी दुरुस्त करायला घेतलेल्या प्रत्येकाला या तक्रारीला कधी ना कधी तोंड द्यावे लागते. ड्राइव्हचा दिवा लागतो, मोटर फिरते, मजकूर वाचणारे हेड खडखडत मागेपुढे होते आणि मग पडद्यावर 'सेक्टर नॉट फाउंड' किंवा 'डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह ए' असा संदेश येऊन खाली 'अबॉर्ट, रिट्राय, फेल?' हा प्रश्न उभा राहतो. ड्राइव्ह उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसले की तीच फ्लॉपी सुरळीत वाचली जाते, तिच्यामागून आणखी चार-पाच वाचल्या जातात आणि सहाव्या-सातव्या फ्लॉपीपाशी तोच संदेश परत येतो. पुन्हा साफसफाई होते, पुन्हा थोडे दिवस बरे जातात आणि शेवटी 'ड्राइव्हच गेली' असा निष्कर्ष काढून दुसरी जोडली जाते. पंधरा दिवसांनी त्या दुसऱ्या ड्राइव्हचीही तीच गत होते.

तक्रार अशी परत परत येते याचे कारण बहुतेक वेळा साफसफाईतली हयगय नसून, ड्राइव्हचा बिघाड आणि फ्लॉपीचा बिघाड या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत ही समजूत असते. हार्ड डिस्कचे हेड चकतीवरच्या हवेच्या पातळ थरावर तरंगते, तर फ्लॉपीचे हेड चकतीला प्रत्यक्ष टेकलेले असते. फ्लॉपीची चकती म्हणजे पॉलिएस्टरचा लवचिक पत्रा आणि त्यावर बंधक द्रव्यात कालवून चढवलेला लोहाच्या ऑक्साइडच्या चुंबकीय कणांचा थर. हे बंधक द्रव्य साधारणपणे पॉलियुरेथेन जातीचे असते आणि वर्षानुवर्षे हवेतील दमटपणा शोषून त्याचे रासायनिक विघटन होते. असा थर मऊ व चिकट होतो, हेडच्या स्पर्शाने सुटतो आणि हेडच्या पृष्ठभागावर तपकिरी लेप बनून बसतो. लेप बसलेले हेड पुढच्या, मुळात निरोगी असलेल्या फ्लॉपीला ओरखडे पाडते. तिचाही थर सुटू लागतो आणि तो हेडवर साचतो. फ्लॉपीमुळे ड्राइव्ह आणि ड्राइव्हमुळे फ्लॉपी, असा हा संसर्ग आहे, आणि केवळ ड्राइव्ह साफ करून तो थांबत नाही.

म्हणून पहिला नियम असा की 'रिट्राय'साठी आर दाबायचा नाही. ३६० केबीची फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे घेते, म्हणजे एकच ट्रॅक (चकतीवरचे मजकुराचे एक वर्तुळ) हेडखालून सेकंदाला ५ वेळा जातो; मिनिटभर 'रिट्राय' करत राहिल्यास त्याच ट्रॅकवर हेड ३०० वेळा घासले जाते. थर आधीच सुटत असेल, तर वाचता न आलेला सेक्टर (ट्रॅकचा एक तुकडा) एवढ्या घर्षणानंतर वाचता येण्याजोगा उरतच नाही. मी स्वतः हे फार उशिरा शिकलो. एका जुन्या शब्दप्रक्रिया संचातील पाचवी फ्लॉपी अडखळली, तेव्हा मी हट्टाने दहा-बारा वेळा प्रयत्न केला आणि ती सोडून सहावी, सातवी व आठवी घातली. शेवटी ड्राइव्ह उघडून पाहिली, तेव्हा खालच्या हेडवर तपकिरी पुटाची टेकडी जमली होती आणि चारही फ्लॉप्यांवर एकाच त्रिज्येची वर्तुळाकार रेघ उमटली होती. पाचवीवरची रेघ इतकी खोल होती, की दिव्यासमोर धरल्यावर तिच्यातून आरपार उजेड दिसत होता. तो मजकूर आता कोणत्याही उपायाने परत मिळणार नाही.

मुळात बिघाडच नाही, अशा काही स्थिती

हत्यारे काढण्यापूर्वी काही शक्यता कागदावरच निकालात काढाव्यात. पीसीचा फ्लॉपी कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारे सर्किट, प्रत्येक संगणकाची फ्लॉपी वाचू शकत नाही. ॲपल २ आणि कमोडोर ६४ यांच्या फ्लॉप्या जीसीआर या वेगळ्या संकेतपद्धतीने लिहिलेल्या असतात. मॅकिंटॉशच्या ४०० आणि ८०० केबीच्या फ्लॉप्यांबाबत तर ट्रॅकनुसार फिरण्याचा वेगही बदलतो. अमिगाची ८८० केबीची फ्लॉपी एमएफएम या पीसीच्याच संकेतपद्धतीत असली, तरी तिच्या ट्रॅकची मांडणी पीसीच्या कंट्रोलरला समजत नाही. १९९०च्या दशकात मायक्रोसॉफ्टने आपली काही सॉफ्टवेअरे प्रत्येक ट्रॅकवर १८ ऐवजी २१ सेक्टर बसवून वितरित केली होती, त्यामुळे साध्या डिस्ककॉपी या आज्ञेने त्यांची नक्कल होत नाही. डॉस या जुन्या पीसीच्या कार्यप्रणालीच्या अगदी पहिल्या आवृत्तीतील १६० केबीच्या, एकाच बाजूच्या फ्लॉप्यांच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे पहिल्या सेक्टरमध्ये, पुढे रूढ झालेली माहितीची सारणी नसते आणि नव्या प्रणाली त्यांना बिनदिक्कत 'खराब' ठरवतात. यांपैकी काही असेल तर हेड कितीही वेळा पुसले तरी फरक पडणार नाही.

साडेतीन इंची फ्लॉपीबाबत आणखी एक घोटाळा नेहमी आढळतो. जास्त घनतेच्या फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक जादा भोक असते आणि त्यावरून ड्राइव्ह तिची घनता ओळखते. अशी फ्लॉपी पूर्वी कोणी ७२० केबीची म्हणून फॉरमॅट केली असेल, तर ड्राइव्ह ती १.४४ एमबीची समजून वाचू पाहते आणि अपयशी ठरते. त्या भोकावर अपारदर्शक चिकटपट्टी लावली की ती वाचली जाते. हा इलाज केवळ वाचण्यापुरता आहे. त्या फ्लॉपीवर नव्याने काही लिहू नये, कारण तिच्या चुंबकीय थराला लागणारा जोर वेगळा असतो.

आधी फ्लॉपी, मग ड्राइव्ह

बहुतेक जण पहिल्यांदा ड्राइव्ह उघडतात. माझ्या मते क्रम उलटा असावा, कारण साफ केलेल्या ड्राइव्हमध्ये न तपासलेली फ्लॉपी घालणे म्हणजे केलेले काम पुसून टाकणे होय. प्रत्येक फ्लॉपी आत घालण्यापूर्वी तिची चकती डोळ्यांनी पाहावी. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या मधल्या भोकात बोटे घालून चकती हळूहळू फिरवत, वाचनाच्या लांबट खिडकीतून दोन्ही बाजू तिरप्या उजेडात पाहाव्यात. साडेतीन इंची असल्यास पत्र्याचे झाकण सरकवून धरावे आणि मागच्या बाजूची धातूची चकती फिरवावी. निरोगी पृष्ठभाग एकसारखा चकचकीत, गडद तपकिरी किंवा काळसर दिसतो. पांढरट ठिपके, कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी किंवा फुलासारखे डाग दिसले तर ती बुरशी आहे. मंद, धुरकट पट्टे दिसले तर बंधक द्रव्य सुटू लागल्याची शक्यता असते. फिरवताना चकती आवरणाला चिकटत असेल किंवा किंचित कर्कश आवाज येत असेल, तर तिला कोणत्याही परिस्थितीत ड्राइव्हमध्ये घालू नये.

बुरशी लागलेली चकती बाहेर काढून धुता येते आणि हे काम दिसते तेवढे भीतिदायक नाही. सव्वापाच इंची आवरणाची एक कड धारदार पात्याने उकलावी. साडेतीन इंचीचे प्लॅस्टिकचे दोन भाग कोपऱ्यांपासून अलगद सोडवावेत. चकती कडेने धरावी, पृष्ठभागाला बोट लावू नये आणि बुरशीचे कण श्वासात जाऊ नयेत म्हणून नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी. तंतू न सोडणारे मऊ कापड शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून आधी चकतीच्या आतल्या कडेपाशी, म्हणजे मधल्या भोकाजवळच्या पट्ट्यावर, हलकेच लावून पाहावे. शून्य क्रमांकाचा ट्रॅक सर्वांत बाहेर असतो आणि शेवटच्या ट्रॅकच्या आतील या पट्ट्यावर काहीही लिहिलेले नसते, त्यामुळे ही चाचणी बिनधोक आहे. कापडाला रंग लागला तर अल्कोहोल थरालाच विरघळवत आहे असे समजावे आणि त्याऐवजी ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. रंग लागला नाही, तर मधून बाहेर अशा दिशेने दोन्ही बाजू पुसून, चकती पूर्ण सुकू देऊन, एखाद्या नव्या, पण नको असलेल्या फ्लॉपीच्या स्वच्छ आवरणात बसवावी. जुने आवरण पुन्हा वापरू नये, कारण त्याच्या आतल्या अस्तरात बुरशी आणि धूळ मुरलेली असते आणि तेच अस्तर दर फेऱ्याला चकती पुसत असते.

बंधक द्रव्य चिकट झालेली चकती धुऊन बरी होत नाही. अशा चकतीवर सायक्लोमेथिकोन या सहज उडून जाणाऱ्या सिलिकॉन द्रवाचा पातळ हात फिरवून, तो ओला असतानाच एकदा वाचून घेण्याची रीत अनुभवी मंडळी वापरतात. द्रवामुळे घर्षण कमी होते आणि एका वाचनापुरती सवड मिळते. ती सवड साध्या डॉसच्या नकलेवर वाया घालवू नये. तिचा उपयोग कसा करावा हे पुढे येईल.

ड्राइव्हची साफसफाई

हेड पुसण्यासाठी ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सोडणारी काडी हवी. बाजारातील पाणीमिश्रित अल्कोहोल मागे डाग सोडते. काडी हेडवर ओझरती फिरवून भागत नाही. ती काही क्षण टेकवून धरावी, लेप भिजू द्यावा आणि मग पुसावे. काडीवर तपकिरी रंग येणे थांबेपर्यंत काड्या बदलत राहावे. त्यानंतर भिंग आणि विजेरी घेऊन हेड पाहावे. मधली बारीक फट स्पष्ट दिसली पाहिजे आणि तिच्या आजूबाजूचा भाग आरशासारखा असला पाहिजे. साफ दिसणाऱ्या हेडवर काचेसारखा कडक काळा लेप राहून गेलेला मी अनेकदा पाहिला आहे, आणि 'कालच साफ केली होती' या तक्रारींतील बऱ्याच तक्रारींचे मूळ तेथेच असते.

दोन बाजूंच्या ड्राइव्हमधील वरचे हेड पातळ पत्र्याच्या नाजूक स्प्रिंगवर बसवलेले असते. पुसण्याच्या नादात ते वर उचलून मागे वाकवले, तर स्प्रिंग कायमची वाकते आणि हेडचा दाब व कोन दोन्ही बिघडतात. साफ करता करता ड्राइव्ह कायमची निकामी करण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे. हेड जेमतेम काडी जाईल एवढेच उचलावे. एकाच बाजूच्या जुन्या ड्राइव्हमध्ये वरच्या हेडच्या जागी फेल्टची छोटी गादी असते. ती झिजून टणक झाली असल्यास बदलावी, नाहीतर तीच चकतीची दुसरी बाजू खरवडते. घर्षणावर चालणाऱ्या कोरड्या 'क्लीनिंग डिस्क' मी वापरत नाही.

हेडइतकाच महत्त्वाचा आणि तरीही दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे ज्या दांड्यांवरून हेड सरकते त्या दांड्या व त्यांना सरकवणारा स्क्रू. त्यांवरचे मूळ ग्रीस काळाने मेणासारखे घट्ट होते. स्टेपर मोटर ठरलेली पावले टाकते. पण ग्रीसमुळे हेड एखादे पाऊल चुकते आणि १७व्या ट्रॅकवर पोहोचल्याचे समजून १६व्यावर उभे राहते. असे झाले की सेक्टरच्या शीर्षकातील ट्रॅक क्रमांक जुळत नाही आणि 'सेक्टर नॉट फाउंड' येते. खोली थंड असताना चूक आणि ड्राइव्ह तापल्यावर सुरळीत, असे लक्षण दिसले तर प्रथम या ग्रीसवर संशय घ्यावा. जुने ग्रीस अल्कोहोलने पूर्ण काढावे, दांड्यांना हलक्या यंत्रतेलाचा नुसता हात लावावा आणि स्क्रूला लिथियम ग्रीसचा थेंबभर अंश द्यावा. गंज सोडवणारे फवारे येथे वापरू नयेत. ते उडून चकतीपर्यंत पोहोचतात.

चुकांचा नकाशा वाचणे

एवढे करूनही चुका येत असतील तर अंदाज बांधण्याचे थांबवून चुकांची यादी करावी. कोणता सेक्टर चुकला एवढे कळले की ट्रॅक आणि बाजू गणिताने निघते. ३६० केबी आणि ७२० केबीच्या फ्लॉपीत प्रत्येक बाजूला ९ सेक्टर, म्हणजे एका ट्रॅक क्रमांकाच्या दोन्ही बाजू मिळून १८ सेक्टर असतात. चुकलेल्या सेक्टरचा क्रमांक ४२७ असेल, तर त्याला १८ने भागल्यास भागाकार २३ आणि बाकी १३ येते. बाकी ९ किंवा अधिक असल्याने ती चूक २३व्या ट्रॅकवर दुसऱ्या बाजूला आणि, क्रमांक शून्यापासून सुरू होत असल्याने, त्या बाजूच्या पाचव्या सेक्टरमध्ये आहे. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत १८ऐवजी ३६ने भागावे आणि ९ऐवजी १८शी तुलना करावी.

या यादीतून जे चित्र उभे राहते, ते कोणत्याही मापकयंत्राइतके बोलके असते. सगळ्या चुका एकाच बाजूच्या असतील, तर त्या बाजूचे हेड मळलेले आहे किंवा त्याची तार सैल आहे. चुका आतल्या, म्हणजे मोठ्या क्रमांकांच्या ट्रॅककडे वाढत गेल्या असतील, तर संकेत दुबळा पडतो आहे. चकतीचा फिरण्याचा वेग सर्वत्र एकच असल्याने आतल्या लहान वर्तुळात तेवढेच बिट अधिक दाटीने बसवलेले असतात आणि हेडवरचा पातळ लेपही तेथे आधी जाणवतो. दोन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये नेमके तेच सेक्टर चुकत असतील तर दोष चकतीचा. प्रत्येक वाचनात वेगळेच सेक्टर चुकत असतील तर दोष वीजपुरवठ्याचा, केबलचा किंवा वेगाचा. फक्त शून्य क्रमांकाचा ट्रॅक खराब असेल, तर घाबरून फ्लॉपी टाकून देऊ नये. ३६० केबीच्या फ्लॉपीत बूट सेक्टर, फाइल वाटपाची दोन कोष्टके आणि मूळ डिरेक्टरी हे सगळे मिळून पहिले १२ सेक्टर व्यापतात. ते गेले की डॉसला फ्लॉपी कोरी किंवा अपरिचित वाटते, मात्र उरलेल्या ३९ ट्रॅकवरील फाइली जशाच्या तशा असू शकतात.

ही चाचणी संग्रहातील मौल्यवान फ्लॉपीवर करू नये. माझ्याजवळ तीन फ्लॉप्या केवळ याच कामासाठी ठेवलेल्या आहेत : एक त्याच ड्राइव्हवर लिहिलेली, एक वेगळ्या आणि खात्रीच्या ड्राइव्हवर लिहिलेली, आणि एक कोरी, जी साफसफाईनंतर सर्वप्रथम आत जाते. कोरी फ्लॉपी पाच मिनिटे फिरवून बाहेर काढल्यावर तिच्यावर रेघ उमटली नसेल, तरच पुढे जावे.

स्वतःचे वाचते, दुसऱ्याचे नाही

पहिल्या दोन फ्लॉप्यांचा खरा उपयोग येथे होतो. ड्राइव्ह स्वतः लिहिलेली फ्लॉपी बिनचूक वाचते आणि दुसऱ्या ड्राइव्हवर लिहिलेली वाचत नाही, असे आढळले तर हेडची जुळणी सरकलेली आहे. असे हेड चुकीच्या जागी लिहिते आणि त्याच चुकीच्या जागी वाचते, त्यामुळे त्याला स्वतःचे अक्षर नेहमीच सुवाच्य वाटते. जुळणी पुन्हा बसवण्यासाठी कारखान्यात खास लिहिलेली ॲनालॉग जुळणी-फ्लॉपी आणि ऑसिलोस्कोप लागतो. पडद्यावर दोन समान पाकळ्या दिसेपर्यंत स्टेपर मोटरचे स्क्रू सैल करून ती केसभर फिरवतात. हे साहित्य नसताना नुसत्या अंदाजाने ते स्क्रू सैल करणे मी टाळतो. तातडीच्या वाचनासाठी दुसरी ड्राइव्ह घेणे शहाणपणाचे, आणि बिघडलेल्या ड्राइव्हवर पूर्वी लिहिलेल्या फ्लॉप्या असतील, तर त्या वाचून होईपर्यंत तिची जुळणी मुळीच बदलू नये.

याच लक्षणाचा एक जुळा भाऊ आहे. ३६० केबीच्या ड्राइव्हमध्ये इंचाला ४८ ट्रॅक असतात आणि ट्रॅकची रुंदी सुमारे ०.३३ मिलिमीटर असते. १९८४च्या आयबीएम पीसी एटीबरोबर आलेल्या १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये इंचाला ९६ ट्रॅक आणि रुंदी सुमारे निम्मी. या दुसऱ्या ड्राइव्हने ३६० केबीची फ्लॉपी वाचली तर काही बिघडत नाही. पण तिने त्याच फ्लॉपीवर लिहिले, तर जुन्या रुंद पट्ट्याच्या मधोमध नवा अरुंद पट्टा उमटतो आणि दोन्ही कडांना जुना मजकूर शिल्लक राहतो. मूळ ३६० केबीची ड्राइव्ह मग नवे आणि जुने एकत्रच वाचते आणि गोंधळते. या फ्लॉपीत किंवा त्या ड्राइव्हमध्ये कोणताही दोष नसतो, ती १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्येच वाचून घ्यावी.

वेग, वीज आणि तारा

सुरुवातीच्या पूर्ण उंचीच्या ड्राइव्हमध्ये मोटर आणि चकती यांच्यामध्ये रबराचा पट्टा असतो. तो सैल झाला की वेग डळमळतो. ॲमस्ट्रॅड संगणकांच्या तीन इंची ड्राइव्हमधील पट्टे तर अनेकदा विरघळून डांबरासारखे झालेले आढळतात. नव्या पट्ट्यानंतर वेग मोजावा. सुमारे दीड टक्क्यापर्यंतचा फरक चालतो. जुन्या ड्राइव्हच्या चाकावर ५० आणि ६० हर्ट्झसाठी छापलेल्या रेघांची वर्तुळे ट्यूबलाइटच्या उजेडात स्थिर दिसेपर्यंत वेगाचा छोटा स्क्रू फिरवायचा असतो. हल्लीच्या बऱ्याच एलईडी दिव्यांत ही युक्ती चालत नाही, कारण त्यांचा उजेड त्या लयीत लुकलुकत नाही. अशा वेळी इमेजडिस्क या डॉसवर चालणाऱ्या प्रोग्रॅममधील वेगमापनाचा उपयोग करावा.

१९८०च्या दशकाचा शेवट आणि त्यानंतरची काही वर्षे यांतील अनेक साडेतीन इंची ड्राइव्हमध्ये पृष्ठभागावर डाखलेले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात आणि ते गळतात. डाखणीचे सांधे मंद व करडे पडलेले असणे आणि तापवल्यावर माशासारखा वास येणे, या खुणा ओळखीच्या आहेत. गळालेले द्रव धुऊन काढावे, तांब्याच्या रेघा तुटल्या असल्यास तारेने जोडाव्यात आणि मगच नवे कपॅसिटर बसवावेत. वीजपुरवठ्याचे ५ आणि १२ व्होल्ट मोटर फिरत असताना मोजावेत. मोकळ्या अवस्थेतील माप निरर्थक असते.

३४ तारांची चपटी केबल उलटी लागली असेल, तर ड्राइव्हचा दिवा संगणक सुरू केल्यापासून सतत पेटलेला राहतो. या अवस्थेत फ्लॉपी आत घालूच नये. या केबलमधील सर्व विषम क्रमांकाच्या तारा ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या) असल्याने, उलटी लागल्यावर लेखनाचा इशाराही चालू स्थितीत जातो आणि हेडखालचा मजकूर खोडला जाण्याचा धोका असतो.

याहून घातक असलेला एक दोष दिसायला मात्र अगदी निरुपद्रवी असतो. फ्लॉपी बदलली तरी डिरेक्टरी आधीच्याच फ्लॉपीची दिसते. फ्लॉपी बदलल्याची वर्दी ३४व्या तारेवरून जाते. ती तार तुटलेली असेल, ड्राइव्हवरील जंपर 'रेडी' या जुन्या अर्थावर लावलेला असेल किंवा फ्लॉपी ओळखणारा छोटा स्विच अडकलेला असेल, तर संगणकाला बदल कळतच नाही. तशात काही लिहिले गेले, तर पहिल्या फ्लॉपीचे वाटपाचे कोष्टक दुसरीवर उमटते आणि दुसरीच्या फाइली विस्कटतात. हे लक्षण एकदाही दिसले तर पुढचे सगळे काम थांबवून आधी तेच दुरुस्त करावे.

वाचायचे ते एकदाच

संसर्गाचे वर्तुळ तोडण्याचा खरा मार्ग म्हणजे प्रत्येक फ्लॉपी कमीत कमी वेळा फिरवणे. यासाठी फाइली एक एक करून नकलण्याऐवजी, किंवा केवळ सेक्टरांची इमेज (सगळ्या सेक्टरांतील मजकुराची एकत्र फाइल) घेण्याऐवजी, फ्लक्स पातळीवरचे वाचन करावे. कंट्रोलर आपल्याला 'सेक्टर जमला' किंवा 'जमला नाही' एवढेच सांगतो. फ्लक्स वाचणारे उपकरण मात्र चुंबकीय दिशा पालटण्याच्या दोन क्षणांमधील कालावधी जसाच्या तसा नोंदवते. ३६० किंवा ७२० केबीच्या फ्लॉपीत हे कालावधी सुमारे ४, ६ आणि ८ मायक्रोसेकंद असतात, आणि ते हाती आले की त्यांचा अर्थ नंतर सावकाश, चकतीला पुन्हा स्पर्श न करता, हव्या तितक्या वेळा लावता येतो. ग्रीझवीझल, क्रायोफ्लक्स आणि सुपरकार्ड प्रो ही या कामाची परिचित उपकरणे आहेत. कीर फ्रेझर यांचे ग्रीझवीझल मुक्त स्रोताचे असून, जुन्या ड्राइव्हची ३४ तारांची केबल एका बाजूला आणि आजच्या संगणकाचा यूएसबी दुसऱ्या बाजूला अशी त्याची जोडणी असते. नुसती यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह हे काम करू शकत नाही. ती सेक्टरांच्या पलीकडचे काही बाहेर देत नाही.

सर्वसाधारण फ्लॉपीचे प्रत्येक ट्रॅकवर तीन ते पाच फेरे नोंदवावेत. नक्कलप्रतिबंधक संरक्षण असलेल्या सॉफ्टवेअरसाठी तर हा एकमेव खात्रीचा मार्ग आहे, कारण त्यातील मुद्दाम चुकीचे सेक्टर, नेहमीपेक्षा लांब ट्रॅक किंवा दर वेळी वेगळे वाचले जाणारे दुबळे बिट सेक्टरांच्या इमेजमध्ये उतरतच नाहीत. सायक्लोमेथिकोन लावलेल्या चकतीची एकुलती एक सवडही याच वाचनासाठी राखून ठेवावी, आणि ते वाचन संपताच पुढची फ्लॉपी घालण्यापूर्वी हेड पुसावे.

वाचनापूर्वी प्रत्येक फ्लॉपीचे लेखनसंरक्षण न चुकता चालू करावे. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेची खाच झाकली की संरक्षण लागते. साडेतीन इंचीत मात्र उलटे, भोक उघडे राहिले की संरक्षण लागते, आणि घाईत येथे हमखास चूक होते. ही काळजी अनाठायी नाही. विंडोज ९५ संरक्षण नसलेली फ्लॉपी नुसती वाचतानाही तिच्या बूट सेक्टरमधील निर्मात्याच्या नावाचे ८ बाइट बदलून टाकते, त्यामुळे 'मी तर फक्त डिरेक्टरी पाहिली' असे म्हणणाऱ्याची फ्लॉपीही मूळ स्थितीत राहिलेली नसते.

मिळालेली फ्लक्स फाइल कधीही दुरुस्त करू नये. तिची एसएचए-२५६ बेरीज (फाइल पुढे बदलली का हे ओळखण्याचा आकडा) काढून ती वेगळी ठेवावी आणि सेक्टरांची इमेज तिच्यापासून तयार करावी. सोबत फ्लॉपीच्या लेबलचे छायाचित्र, कोणत्या ड्राइव्हवर कोणत्या दिवशी वाचले, हेड त्याआधी केव्हा पुसले आणि कोणते ट्रॅक चुकले, याची साधी मजकूर-फाइल असावी. त्याच सॉफ्टवेअरची दुसरी प्रत पुढे कधी हाती आली आणि दोघींचे खराब सेक्टर वेगवेगळे असले, तर दोन अपुऱ्या प्रतींतून एक पूर्ण प्रत जुळवता येते. त्या वेळी ही नोंद नसेल तर कोणता सेक्टर कोठून घ्यायचा हे ठरवता येत नाही. जुन्या यंत्रावर सॉफ्टवेअर चालवण्यासाठी मूळ फ्लॉपी पुन्हा वापरण्याची गरज उरत नाही. फ्लॅशफ्लॉपी हे सॉफ्टवेअर चढवलेले गोटेक हे फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणारे उपकरण ड्राइव्हच्या जागी बसवून त्यातून इमेज चालवता येते. अर्थात हेडचा खडखडाट त्यात ऐकू येत नाही, आणि मला व्यक्तिशः त्याची चुटपुट लागते, म्हणून मी एक नवी, स्वतः लिहिलेली फ्लॉपी तेवढ्यासाठी ठेवली आहे.

ज्या फ्लॉपीतील काही सेक्टर एवढे करूनही निघाले नाहीत, तिला त्याच दिवशी पुन्हा ड्राइव्हमध्ये घालू नये. आवरणावर न निघालेल्या ट्रॅकांचे क्रमांक लिहावेत, ती कोरड्या जागी उभी ठेवावी आणि दुसरी प्रत किंवा वेगळ्या बनावटीची ड्राइव्ह मिळेपर्यंत तिला हात लावू नये. ती ज्या ड्राइव्हमध्ये फिरली, त्या ड्राइव्हचे हेड मात्र त्याच दिवशी पुसून, कोरी फ्लॉपी फिरवून आणि तिच्यावर रेघ नाही याची खात्री करूनच तिचे झाकण बंद करावे.